न्हाव्याने मागितलेले घर

फार पूर्वी शृंगाटक नगरात धृतकेतू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाने एका न्हाव्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव उत्पल. मोठा झाल्यावर त्याने बापाची वस्तऱ्या-कात्र्यांची धोकटी खांद्याला लावली आणि घरोघर जाऊन तो लोकांच्या दाढ्या आणि डोया करू लागला.

उत्पलाचा हात फार हलका होता. वस्तरा फिरत असताना लोकांना डुलकी लागे, आणि डुलकी लागली नाही तर ते बोलत. न्हाव्यासमोर बसलेला माणूस मोकळा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणाला कशाचा अभिमान आहे आणि कोणाला काय खुपते, हे उत्पलाला राजाच्या हेरांपेक्षा जास्त कळत असे. पण एका घरचे बोलणे त्याने दुसऱ्या घरी कधी नेले नाही.

त्याची बायको सोमला सुईण होती. तिने नगरातली निम्मी मुले आपल्या हातांनी जगात आणली होती.

शृंगाटक नगराच्या वेशीशी तीन मार्ग मिळत. मिठाचे, कापडाचे आणि घोड्यांचे तांडे वेशीबाहेरच्या माळावर उतरत. तांड्याबरोबर ओझी वाहणाऱ्या, रांधणाऱ्या, गाड्यांमागून चालणाऱ्या बायकाही असत. त्यांपैकी एखादीचे दिवस भरले तर तिला नगरात कोणी घेत नसे. परक्या बाईच्या बाळंतपणाची सुवेर आपल्या घरात नको, अशी तिथली रीत होती. मग सोमलेला बोलावणे येई आणि ती गाडीखाली, दोन बैलांच्या मध्ये, वाऱ्यात बसून बाळंतपण करी.

एका हिवाळ्यात मिठाच्या तांड्यातली एक बाई अशीच गाडीखाली अडली. वारा इतका होता की पाणी तापेना, आणि तापलेले टिकेना. बाळ वाचले, आई गेली. सोमला घरी आली, हात धुतले आणि बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली.

मग ती म्हणाली, "माझ्या हातात काही कमी नव्हतं. नुसत्या चार भिंती आणि एक चूल असती, तर ती बाई आत्ता बाळाला घेऊन निजली असती."

उत्पल म्हणाला, "तर मग चार भिंती उभ्या करू."

"कशाच्या जोरावर?"

"मागून," उत्पल म्हणाला.

दर पंधरा दिवसांनी तो राजाची दाढी करायला जात असे. त्या खेपेला राजानेच त्याला विचारले, "आज गप्प का?" उत्पलाने सर्व सांगितले. राजा विचार करून म्हणाला, "वेशीबाहेर चिंचांजवळ पडीक जागा आहे, ती घे. पण सेनापतीला ती पागेसाठी हवी आहे, तेव्हा मी किती दिवस थांबणार? कार्तिकी पौर्णिमेला मोठे तांडे उतरतात आणि मी ते पाहायला येतो. त्या दिवशी तिथे छप्पर दिसलं तर जागा तुझ्या बायकोची, नाही तर घोड्यांची. कोषातून मात्र काही मागू नकोस. तटाचं काम चालू आहे."

कार्तिकी पौर्णिमेला नऊ महिने होते. उत्पल आनंदाने घरी आला.

दुसऱ्याच दिवशी तो धान्याच्या एका बड्या व्यापाऱ्याकडे गेला. दाढी करता करता त्याने बाळंतिणींसाठी बांधायच्या घराचा विषय काढला. त्या वेळी वस्तरा व्यापाऱ्याच्या गळ्यावर होता. "देतो, देतो," व्यापारी मान न हलवता घाईने म्हणाला. "दहा पोती तांदूळ देतो. गवंड्यांना जेवायला होतील."

उत्पलाला आनंद झाला. तेवढ्यात पाण्याच्या वाटीत त्याला व्यापाऱ्याचे डोळे दिसले. ते वस्तऱ्याकडे लागले होते.

त्याने वस्तरा पुसून खाली ठेवला आणि तो म्हणाला, "शेठ, आत्ता बोललात ते मी ऐकलं नाही. तुमची मान माझ्या हातात असताना तुम्ही काही दिलंत, तर ते तुम्ही दिलं असं होत नाही, माझ्या वस्तऱ्यानं काढून घेतलं असं होतं. दाढी होऊ द्या. मग तुम्हाला वाटलं तर बोला."

व्यापारी हसला, दाढी करून घेतली, आणि एक पोतेही न देता उठून गेला. पण ही गोष्ट त्याला पोटात ठेववेना. बाजारात ज्याला त्याला तो सांगू लागला, "आपल्या उत्पलानं माझं दान परत केलं." चार दिवसांनी त्याने दोन पोती तांदूळ आपल्या खांद्यावरून आणून उत्पलाच्या ओट्यावर टाकली. "दहा म्हणालो होतो ते भीतीनं," तो म्हणाला. "ही दोन माझी आहेत."

तेव्हापासून उत्पलाने नेम केला, की हातात वस्तरा असेपर्यंत मागायचे नाही. काम आटोपले की तो धोकटी बांधी, हात धुई, आणि मगच त्या घराबद्दल बोले. ज्याला ऐकायचे नसेल तो तोवर उठून जाऊ शके.

तरी काम पुढे सरकेना. उत्पल घरोघर जाऊन त्या मेलेल्या बाईची हकीकत सांगे.  ऐकणारे रडत, आत जाऊन मूठभर काहीतरी आणत आणि देऊन मोकळे होत. दुसऱ्या खेपेला तेच लोक त्याला लांबून पाहून दार ओढून घेत. महिनाभरात त्याची गिऱ्हाइके दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊ लागली. दाढी करून घ्यायची आणि वर रडायचे, हे रोज कोणाला जमणार?

एके दिवशी तो दुपारीच परत आला. सोमला बाहेर निघाली होती.

तो म्हणाला, "या नगरातले लोक दगड आहेत."

"दगड कसले?" सोमला म्हणाली. "अहो, तुम्ही गल्लीत शिरलात की सुतक आल्यासारखं वाटतं. बाया मुलांना आत घेतात. मी त्याच गल्लीत शिरले की हातावर गूळ ठेवतात."

"तू बाळं घेऊन येतेस."

"मग तुम्हीही बाळ घेऊन जा," ती म्हणाली. "एक बाई गेली हे खरं आहे. पण तशाच गाड्यांखाली मी या वर्षी एकवीस जणींना सोडवलं. त्यांची बाळं कुठं कुठं रांगतायत, ते तुम्ही कुणाला सांगता का? आणि दुसरं म्हणजे, तुम्ही सगळ्यांकडं एकच मागता. तुम्हाला एकेकाच्या पोटातलं कळतं. ते कळून काय उपयोग?"

उत्पल हसू लागला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता. "मी दुसऱ्यांच्या डोया करत फिरतो," तो म्हणाला, "आणि माझ्यात डोकं घालायला तू लागतेस."

दुसऱ्या दिवसापासून त्याचे मागणे बदलले. तो बाळांच्या गोष्टी सांगू लागला. घोड्यांच्या तांड्यातली मुलगी जन्मली तेव्हा शिंगरू कसे वाकून पाहत होते, जुळे झाले तेव्हा बाप दुसऱ्याला मोजायचे कसे विसरला, हे ऐकून लोक पोट धरून हसत. मग तो एकेकाला विचारी. गवंड्याला तो भिंत किती जाड हवी ते विचारी, वैदूला बाळंतिणीच्या काढ्याला कोणती मुळी हवी ते विचारी. आणि खरोखरच त्याला यातले काही कळत नव्हते, म्हणून विचारण्यात खोटेपणा नव्हता. गवंडी दोन दिवस फुकट राबून गेला. वैदूने मुळ्यांची जुडी आणून दिली आणि दर महिन्याला देईन म्हणाला.

नगरात कोंडक नावाचा एक लाकूडवाला होता. त्याची वखार नदीकाठी होती. कोंडकाने कधी कोणाला काही दिले, असे कोणी पाहिले नव्हते. लोक उत्पलाला म्हणाले, "तिकडं पायही टाकू नकोस."

उत्पल कोंडकाकडे गेला. दाढी केली, हात धुतले आणि म्हणाला, "वखारवाले, एक विचारायचं होतं. बाळंतघराला दाराची चौकट बसवायची आहे. लाकूड कोणतं घेऊ? पावसानं फुगायला नको, आणि दार वाजायला नको. आत मूल निजलेलं असेल."

कोंडकाने त्याच्याकडे पाहिले. "कोणतं घेतलंयस?"

"आंब्याचं. एकानं दिलंय."

कोंडक उठला आणि चालू लागला. वेशीबाहेर जाऊन त्याने ती आंब्याची चौकट पाहिली, नखाने टोकरली आणि म्हणाला, "दोन पावसाळ्यात भुसा होईल. कुणी घडवली ही?" मग तो जमिनीवर बसला, घराच्या पायाकडे पाहिले, भिंतींकडे पाहिले, वासे किती लागतील ते विचारले. संध्याकाळी त्याची गाडी आली. तिच्यात सागाची चौकट होती, तुळई होती आणि छपराचे सगळे वासे होते.

 कोंडक गाडीचे दोर सोडत म्हणाला, "तीस वर्षं लोक माझ्याकडं येतात ते हात पसरून. लाकडाचं कुणी विचारलं नाही."

अशा भिंती चढत असताना उत्पलाच्या हातून एक चूक झाली. कासारआळीच्या टोकाला पाटला नावाची म्हातारी राही. चिंध्यांची दुपटी आणि गोधड्या शिवून ती पोट भरी. उत्पल त्या आळीत प्रत्येक दारी थांबे आणि तिचे दार तेवढे ओलांडून जाई. एकदा म्हातारी काठी टेकत त्याच्या मागे आली.

"माझं दार का चुकवतोस?" तिने विचारले.

"आजी, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? माझ्याकडं काही नाही, हे तू परस्पर ठरवलंस. मला विचारलंस का? सगळ्या आळीला विचारलंस. आता पाण्याला जाते तर बाया सांगतात, मी हे दिलं, मी ते दिलं. मी नुसती उभी असते."

उत्पलाने धोकटी खाली ठेवली आणि तिच्या पायाला हात लावला. "चुकलो, आजी. बाळांना गुंडाळायला दुपटी नाहीत. द्याल का?"

"किती?"

"तुम्ही म्हणाल तितकी."

"मग तसं म्हण की," म्हातारी म्हणाली, आणि ताठ मानेने परत गेली. पुढे महिनाभर तिच्या ओट्यावर आळीतल्या बायका चिंध्या आणून टाकत होत्या आणि ती कोणती चिंधी मऊ, कोणती टोचणारी ते निवडत होती.

पावसाळा आला. भिंती झाकून ठेवल्या. कुंभारांनी कौले थापली होती, पण त्या वर्षी पाऊस लांबला. कौले वाळेनात आणि भट्टी लागेना. आश्विन संपत आला तरी वासे उघडेच होते.

अशा वेळी नगरातला सर्वांत श्रीमंत माणूस, श्रेष्ठी वरुणदत्त, याने उत्पलाला बोलावून घेतले. त्याच्या घरच्या चाळीस माणसांच्या दाढ्या उत्पलच करी.

श्रेष्ठी म्हणाला, "तुझं काम मी पाहिलं. चांगलं आहे. परगावाहून तांब्याचे पत्रे मागवतो, आठ दिवसांत छप्पर होईल. बाकी लागेल तेही देतो. माझ्या दोनच अटी आहेत. लोकांकडून आणलेल्या चिंध्या, मुळ्या, ओंडके परत कर. माझ्या घराला ते शोभणार नाही. आणि तिथं व्यापाऱ्यांच्या बायका येतील. ओझी वाहणाऱ्या नकोत. त्या आल्या की चांगल्या घरच्या येत नाहीत."

 पौर्णिमा सतरा दिवसांवर होती, आणि समोर पूर्ण छप्पर होते.

मग तो नम्रपणे म्हणाला, "श्रेष्ठी, आपण मनात आणलंत हेच मोठं. पण घर ज्यांच्यासाठी मागितलं, त्यांनाच दाराबाहेर ठेवलं, तर मी आजवर ज्याच्या ज्याच्या दारी गेलो त्याला खोटं सांगितलं असं होईल. आणि पाटला आजीचं दुपटं परत करायला मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मग छप्पर कोण घालणार?"

"ते मला ठाऊक नाही," उत्पल म्हणाला.

श्रेष्ठीला राग आला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरी दुसरा न्हावी जाऊ लागला. सोमलेला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बरं केलंत." त्या दिवसापासून त्यांच्या घरी एक वेळची पेज कमी झाली.

कार्तिकी पौर्णिमा उजाडली. वेशीबाहेर तांडे उतरत होते. घर उभे होते, सागाचे दार लागले होते, चूल होती, दुपटी घडी करून ठेवली होती. वर मात्र वाशांमधून आकाश दिसत होते.

सकाळचे ऊन चढू लागले तेव्हा कापडाच्या एका तांड्यातून दोन बायका तिसरीला धरून घेऊन आल्या. ती ओझी वाहणारी होती. तिची वेळ भरली होती. सोमलेने वर पाहिले नाही. तिला आत घेतले, बाजेवर निजवले आणि चुलीवर पाणी चढवले.

पण ऊन थेट बाजेवर येत होते, आणि माळावरचा वाराही वरून आत उतरत होता. उत्पल धावत नगरात गेला. त्या दिवशी त्याने गोष्ट सांगितली नाही. गल्लीगल्लीत तो एवढेच म्हणत गेला, "आपल्या घरात पहिली बाई आली आहे. अंगावर घ्यायचं, अंथरायचं जे असेल ते आणा. वर घालायला हवं."

तो 'आपल्या घरात' म्हणाला, आणि कोणाला ते खटकले नाही. लोक निघाले. कोणी घोंगडी आणली, कोणी चटई, कोणी धोतर, कोणी बैलाची झूल. गवंडी आला, वैदू आला, धान्याच्या व्यापाऱ्याने रिकामी पोती उसवून आणली. कोंडक आपल्या माणसांना घेऊन वाशांवर चढला आणि खालून येईल ते दोरांनी बांधू लागला. पाटला आजीने आपली स्वतःची अंथरायची गोधडी आणली होती, आणि ती कुठे बांधायची हे ती काठीने दाखवत होती.

इतक्यात राजाची स्वारी तांडे पाहायला आली. बरोबर सेनापती होता आणि श्रेष्ठी वरुणदत्तही होता. शेकडो रंगांचे ते छप्पर पाहून सेनापती हसला. "महाराज, याला छप्पर म्हणायचं का?"

राजा त्या छपराकडेच पाहत होता. 

उत्पल वाशांवर बसला होता. बाजेच्या बरोबर वर हातभर जागा उघडी राहिली होती, आणि खाली आता कोणाकडे काही उरले नव्हते. त्याने खाली पाहिले. त्याला वरुणदत्त दिसला. त्याच्या मनात त्या माणसाबद्दल जराही किल्मिष नव्हते, म्हणून त्याला मागायला जड गेले नाही.

"श्रेष्ठी," तो वरून म्हणाला, "हातभर कापड कमी पडतंय."

 वरुणदत्ताने इकडेतिकडे पाहिले. मग खांद्यावरची भरजरी शाल काढली, टाचा उंचावल्या आणि ती कोंडकाच्या हातात दिली. त्या वेळी त्याला अटी आठवल्या नाहीत. कोंडकाने शाल एका बाजूने घोंगडीला आणि दुसऱ्या बाजूने पोत्याला बांधली.

बाजेवर सावली पडली. थोड्या वेळाने आतून रडणे ऐकू आले. आधी बारीक, मग चांगले खणखणीत. सोमला दार उघडून बाहेर आली. दार वाजले नाही. तिच्या हातात पाटला आजीचे दुपटे होते आणि दुपट्यात मुलगी होती.

"दोघी बऱ्या आहेत," ती म्हणाली.

माळावर एकच गलका झाला. ज्याने चटई दिली तो चटई दिल्याचे सांगत होता, ज्याने झूल दिली तो बैलाचे नाव सांगत होता. श्रेष्ठी वरुणदत्त हातांची घडी घालून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. राजा सेनापतीला म्हणाला, "घोडे दुसरीकडं बांधा."

पुढे ऊन टिकले, कौले वाळली, भट्टी लागली आणि पंधरा दिवसांत पक्के छप्पर झाले. कापडे ज्याची त्याला परत गेली. वरुणदत्त स्वतः येऊन उत्पलाला म्हणाला, "आता काय कमी आहे?"

"आता कमी असं काही नाही," उत्पल म्हणाला. "पण दिव्याला तेल आणि चुलीला लाकूड रोज लागेल. आज, उद्या, पुढच्या वर्षीही. हे देणाऱ्याचं नाव कुठं कोरता येणार नाही. ते जळून जातं."

"तेच मी देतो," वरुणदत्त म्हणाला, आणि जन्मभर त्याने ते दिले.

उत्पलाने मात्र एक काम कधी सोडले नाही. घरात मूल जन्मले की तो नगरात जाई आणि ज्याने त्याने काय दिले ते आठवून त्याच्या दारी जाई. "आजी, तुमच्या निळ्या दुपट्यात आज मुलगा आहे." "वैदू, तुमची मुळी लागू पडली, बाई उठून बसली." एवढे सांगून, काही न मागता, तो पुढे जाई. जी दारे पूर्वी त्याला पाहून लागत, ती आता तो यायच्या आधीच उघडी असत. लोक त्यालाच विचारत, "उत्पला, बरेच दिवस काही मागितलं नाहीस. आमच्यावर रागावलास का?"

तेव्हा बोधिसत्त्व ही गाथा म्हणत असे:

भीतीने दिले ते ओझे, लाजेने दिले ते ऋण;
आनंदे दिले जे कोणी, तेवढेच दान जाण.

असे आयुष्यभर करून, आपल्या कर्मानुसार, तो परलोकी गेला.

ही कथा भगवान शास्त्याने आम्रवनातल्या विहारात सांगितली. तिथे आजारी भिक्षूंसाठी एक खोली बांधायची होती. कंदल नावाचा तरुण भिक्षू त्यासाठी नगरात जाई, लोकांना आजाऱ्यांच्या यातना आणि नरकाची भीती सांगे, आणि रिकाम्या हाताने परत येई. त्या दिवशी मेघिल नावाच्या गृहपतीने तर त्याच्या तोंडावर दार लावले होते. कंदल म्हणत होता, "या नगरात दाताच नाही." ते ऐकून शास्त्याने त्याला जवळ बसवून ही पूर्वीची गोष्ट सांगितली.

मग शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाची सोमला म्हणजे विहारातल्या आजाऱ्यांची सेवा करणारी उपासिका निपुणा. पाटला म्हणजे तिची वृद्ध आई. श्रेष्ठी वरुणदत्त म्हणजे आज या आम्रवनाची राखण करणारा माळी. वस्तऱ्याला भिऊन दहा पोत्यांचे वचन देणारा व्यापारी म्हणजे, कंदला, तू स्वतः. आणि कोंडक लाकूडवाला म्हणजे आज सकाळी तुझ्यासमोर दार लावणारा गृहपती मेघिल. उत्पल न्हावी तो मीच होतो."

कंदलाने मान खाली घातली, पण त्याच्या ओठांवर हसू होते. शेजारचे भिक्षूही हसले.

"आपल्याजवळचे देणे ही दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, आहेच," शास्ता म्हणाला. "दुसऱ्याला आनंदाने देता यावे म्हणून त्याच्या दारी जाऊन खरे आणि गोड मागणे, हीही दानपारमिताच आहे."